गारगोटी आणि काचेची चिमणी

पातूरच्या आसपासच्या नाल्यांतून पावसाळा ओसरल्यावर फिरले, तर काळ्या गोट्यांमध्ये मधूनच एखादा पांढुरका, किंचित निळसर झाक असलेला, मेणासारखा गुळगुळीत दगड दिसतो. आपल्याकडे त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. भूशास्त्राच्या भाषेत तो कॅल्सेडनी. अकीक हा त्याचाच पट्टेदार भाऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले. ते थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत साचत गेली. ज्या काळ्या खडकात पातूरची लेणी कोरली आहेत, त्याच जातीच्या खडकाच्या पोटातले हे दगड. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अशा दगडांचे एक खोके आहे आणि दरवर्षी आठवीची मुले त्यात भर घालतात.

त्यातला एखादा चांगला दगड काळ्या पाटीवर ठेवला तर निळसर दिसतो. तोच उचलून उन्हाकडे धरला, तर कडेचा पातळ भाग मधासारखा पिवळा दिसतो. दहा दगडांत एखादाच असा निघतो, पण निघतो.

एक दिवस आठवीतल्या एका मुलाने घरून फडक्यात गुंडाळून एक वस्तू आणली. अंगठ्याएवढी, पंख मिटून बसलेली काचेची चिमणी. रंग दुधात पाणी घातल्यासारखा. खोक्यातला दगड शेजारी होता, त्यामुळे पुढचे काम मुलांनीच केले. चिमणी पाटीवर ठेवली : निळी. खिडकीकडे धरली : सोनेरी. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे तं आपल्या गोट्यावानीच दिसून राह्यलं!”

चिमणीची हकिगत अशी. मुलाचे आजोबा मुंबईत एका घरी स्वयंपाकाला होते. काम सोडून गावी परतताना घरच्या बाईंनी त्यांना ही आठवण म्हणून दिली. तळाशी रोमन लिपीत ‘साबिनो’ आणि ‘पॅरिस’ अशी अक्षरे आहेत. फ्रान्सच्या काचेच्या प्राण्यांना लाखो रुपये मिळतात, असे घरात कोणीतरी ऐकले होते. मुलाच्या थोरल्या बहिणीला नर्सिंगला घालायचे होते आणि फीची जुळवाजुळव चालली होती. संध्याकाळी वडील स्वतः शाळेत आले आणि त्यांनी सरळच विचारले, “सर, याचे किती येतीन?”

आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. काचेचे दलाल नव्हे. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते पुढे देत आहोत.

दगड की काच?

पहिला प्रश्न मुलांचा होता : ही चिमणी दगडातून कोरली असेल का? आम्हाला वाटले, घनता काढली की निकाल लागेल. धागा बांधून हवेत वजन, मग पाण्यात बुडवून वजन, हा आर्किमिडीजचा जुना प्रयोग. उत्तर आले २.५ आणि २.६ यांच्या मध्ये कुठेतरी. कॅल्सेडनीची घनता सुमारे २.६ आणि साध्या काचेची २.५. शाळेच्या काट्यावर हा फरक काही खात्रीने सांगता येईना. कठीणपणाची कसोटी घ्यावी तर दगड काचेवर ओरखडा काढतो, आणि दुसऱ्याच्या चिमणीवर ओरखडा काढायचा आम्हाला अधिकार नव्हता.

मात्र या मोजणीने एक गोष्ट निश्चित झाली. ही भारी शिशाची काच नव्हे. ज्याला बाजारात ‘क्रिस्टल’ म्हणतात, त्या काचेत शिशाचा ऑक्साइड निदान २४ टक्के असतो आणि तिची घनता ३ च्या आसपास जाते. शिशामुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो, म्हणून पैलू पाडले की ती झगमगते. फ्रान्समधले बाकारा (स्थापना १७६४) आणि त्याहून जुने सँ-लुई हे कारखाने या क्रिस्टलसाठी नावाजलेले आहेत. (‘क्रिस्टल’ हा शब्द मुलांसमोर वापरताना जपून. स्फटिकात अणूंची रचना नियमित असते, काचेत ती नसते. म्हणजे क्रिस्टल काच ही वस्तू मुळीच क्रिस्टल नाही.)

निकाल शेवटी भिंगाने लावला. चिमणीच्या चोचीपासून पाठीवरून शेपटीपर्यंत एक अगदी बारीक, घासून जवळजवळ पुसलेली उभी रेघ होती. पोळ्याला बाजारात येणारे साच्यातले मातीचे बैल ज्याने निरखले आहेत, त्याला ही रेघ ओळखीची आहे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती शिवण. दगडाला शिवण नसते.

दुधाची बाटली आणि आकाश

आता रंगाचे पाहू. चिमणीत निळा रंग घातलेला असता, तर ती उन्हाकडे धरल्यावरही निळीच दिसली असती. शाईच्या बाटलीची निळी काच तशी दिसते. इथे निळा आणि सोनेरी हे दोन्ही रंग एकाच जागेतून येतात, पाहणाऱ्याची दिशा तेवढी बदलते. तेव्हा रंगद्रव्याचा हा प्रकार नव्हे.

वर्गात करून पाहा. पारदर्शक सरळ बाटलीत पाणी भरा. मागे काळा कागद धरा, खोलीत अंधार करा आणि बाटलीच्या एका बाजूने विजेरीचा पांढरा झोत आत सोडा. आता ड्रॉपरने दुधाचा एक एक थेंब टाकून ढवळत जा. दोनतीन थेंबांतच झोताचा मार्ग बाजूने पाहताना निळसर दिसू लागेल. मग विजेरीच्या समोरच्या बाजूला जाऊन बाटलीतून तिच्याकडे पाहा. दिवा पिवळट, आणखी काही थेंबांनंतर नारिंगी दिसेल. थेंब वाढवत नेले तर एक वेळ अशी येते की निळेपणा नाहीसा होतो आणि सगळे नुसते पांढरे होते. ही शेवटची पायरी गाळू नका, तिचा पुढे उपयोग आहे.

दुधातले कण प्रकाशाला सगळीकडे विखुरतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतील, तर आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश जास्त विखुरतो, लांब तरंगलांबीचा लाल कमी. जॉन टिंडॉलने १८६९ च्या सुमारास असे प्रयोग केले आणि लॉर्ड रॅले याने १८७१ मध्ये त्याचे गणित मांडले. अतिसूक्ष्म कणांसाठी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि लालची ६५० धरली, तर ६५० भागिले ४५० म्हणजे सुमारे १.४४; त्याचा चौथा घात सव्वाचारच्या पुढे. म्हणजे निळा लालच्या चौपटीहून अधिक विखुरतो. बाजूने पाहणाऱ्याला तो विखुरलेला निळा मिळतो आणि समोरून पाहणाऱ्याला निळा वजा जाऊन उरलेला पिवळा-नारिंगी. आकाश निळे आणि मावळता सूर्य तांबूस असण्याचे कारण हेच, फक्त तिथे विखुरण्याचे काम हवेचे रेणू करतात. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी समुद्राच्या निळाईचा विचार सुरू केला. तो रंग केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. त्यातून पुढे रामन परिणामाचा शोध लागला.

गारगोटीत हे काम सिलिकाचे अतिसूक्ष्म तंतू आणि त्यांच्यातल्या बारीक पोकळ्या करतात. काचेत मात्र असे कण मुद्दाम घडवावे लागतात, आणि इथे कारागिराची कसोटी आहे. साध्या काचेच्या मिश्रणात (वाळू, सोडा आणि चुना) थोडी फॉस्फेटे किंवा फ्लोराइडे घालतात. भट्टीच्या तापमानाला हे सगळे विरघळून रस स्वच्छ पारदर्शक असतो. तो निवू लागला की विरघळलेला भाग सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळा होऊ लागतो. झटकन निवला, तर कणांना वाढायला वेळ मिळत नाही आणि काच जवळजवळ पारदर्शकच राहते. सावकाश निवला, तर कण वाढतात. घरी कढवलेले साजूक तूप सावकाश थिजू दिले तर रवाळ होते आणि एकदम गार केले तर रवा बारीक राहतो, हे वर्गातल्या निम्म्या मुलींना पाठ असते. काचेतले कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण हिशेब त्याच जातीचा आहे. कण फार मोठे झाले तर बाटलीच्या शेवटच्या पायरीसारखी काच नुसती पांढरी होते. तिला दुधी काच म्हणतात.

त्यातून एक गंमत होते. साच्यात ओतलेल्या वस्तूचा जाड भाग हळू निवतो आणि पातळ भाग लवकर. म्हणून जाड भाग दुधाळ आणि पातळ भाग स्वच्छ राहतो. आमच्या चिमणीचे पोट सर्वांत निळे आहे आणि शेपटीचे टोक जवळजवळ साधी काच. कोणी रंग भरलेला नाही, पण चित्रकाराने छटा दिल्यासारखा परिणाम झाला आहे. मासा घडवला तर अंग निळे आणि कल्ले पारदर्शक. प्राण्याचा आकार ठरवतानाच कारागीर रंगही ठरवत असतो.

या काचेचे दोन मोठे कर्ते फ्रान्सचे. रने लालिक (१८६०–१९४५) हा मूळचा जवाहिऱ्या. सोन्यात आणि मिन्यात चतुर, मोर, साप घडवणारा हा माणूस अत्तराच्या बाटल्यांच्या निमित्ताने काचेकडे वळला आणि १९२१ मध्ये त्याने आल्सास प्रांतातल्या व्हिंगेन-स्युर-मोदेर या गावी कारखाना घातला. दुसरा मार्युस-अर्नेस्त साबिनो (१८७८–१९६१). जन्म सिसिलीतला, लहानपणी फ्रान्सला आला. १९२५ च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या मोठ्या प्रदर्शनात दोघांचेही काम होते. लालिकने तर तिथे पंधरा मीटर उंचीचे काचेचे कारंजे उभे केले होते. साबिनोने पुढे या ओपलसारख्या काचेत पक्षी, मासे, कासवे, ससे, मांजरी असे छोटे प्राणी मोठ्या संख्येने काढले.

पायांवरून पद्धत ओळखा

चिमणीकडे आणखी थोडे नीट पाहा. तिला पाय नाहीत. पोट सरळ तळाला टेकले आहे. आता एखाद्या यात्रेत किंवा प्रदर्शनात बर्नर लावून बसलेला कारागीर आठवा. काचेची कांडी ज्योतीत मऊ करून तो चिमट्याने ओढत, वाकवत दोन मिनिटांत हरीण करतो. काडीसारखे चार पाय, फांद्या फुटलेली शिंगे. दोन्ही काचेचेच प्राणी. मग एकाला पाय आणि दुसऱ्याला का नाहीत?

साचा उघडल्यावर वस्तू बाहेर यायला हवी. चार सुट्या पायांच्या मधली जागा म्हणजे साच्याचा एक भाग पोटाखाली अडकून बसणार. शिवाय दाबाने भरलेला घट्ट रस बारीक पायांत शिरण्याआधीच निवायचा. म्हणून साच्यातला घोडा बसलेला असतो, किंवा त्याच्या पायांमध्ये गवत, लाट, खडक असे काहीतरी भरलेले असते. लालिक आणि साबिनो यांचे प्राणी असे आटोपशीर, स्वतःत मिटलेले दिसतात, याला कलेइतकेच साच्याचे कारण आहे. पोळ्याचा साच्यातला बैल आणि हाताने वळलेला बैल मुलांनी शेजारी ठेवून पाहिले, की हा मुद्दा फळ्यावर न लिहिताच कळतो.

बर्नरवाल्याची अडचण उलट आहे. त्याच्या हरणाला पाय येतात, पण ते जाड करता येत नाही. काच उष्णतेची मंद वाहक. जाड तुकडा बाहेरून निवून कडक होतो तेव्हा आत तो गरम असतो. मग आतला भाग निवून आकसू पाहतो आणि बाहेरचे कवच त्याला आकसू देत नाही. हा ताण तसाच राहिला तर वस्तू आज ना उद्या तडकते. म्हणून कारखान्यात ती सुमारे पाचशे अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. जाडी दुप्पट झाली तर निववायला साधारण चौपट वेळ लागतो. बर्नरवाल्याकडे ही भट्टी नसते, तेव्हा तो आपले प्राणी कृश ठेवतो.

हा ताण पाहताही येतो. संगणकाचा किंवा लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. त्याचा प्रकाश ध्रुवित असतो. पोलरॉइड चष्म्याची काच डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये काचेची वस्तू धरा. ताण असेल तिथे प्रकाशाचे किंवा रंगांचे पट्टे उमटतात. यात्रेतल्या हरणाच्या सांध्यांजवळ आम्हाला ठळक पट्टे दिसले. चिमणीत जवळजवळ काहीच नाही. ती नीट निववलेली होती.

बर्नरवाल्याची ही विद्या फ्रान्सलाही जुनी. नव्हेर या गावचे कारागीर सोळाव्या शतकापासून ज्योतीवर माणसांच्या व प्राण्यांच्या इवल्या आकृत्या करत, आणि तेरावा लुई लहानपणी नव्हेरच्या काचेच्या कुत्र्यांशी खेळत असे, हे त्याच्या वैद्याच्या रोजनिशीतून कळते.

तिसरी पद्धत सर्वांत कष्टाची. काच कुटून भुकटी करायची, तिच्यात रंगीत काचेच्या भुकट्या मिसळायच्या, चिकटा घालून हा लगदा साच्यात जागच्या जागी भरायचा आणि साच्यासकट भट्टीत तापवायचा. कण वितळून एकमेकांत मुरतात, पण वाहून जात नाहीत. फ्रेंचमध्ये याला ‘पात द व्हेर’, म्हणजे काचेचा लगदा, म्हणतात. आँरी क्रो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही विसरलेली पद्धत पुन्हा जागवली. नान्सी शहरात दोम बंधूंच्या कारखान्यात आणि १९१९ नंतर स्वतःच्या कार्यशाळेत आल्मारिक वाल्टेर (१८७०–१९५९) याने तिच्यातून सरडे, बेडूक, खेकडे, भुंगेरे केले. शिल्पकार आँरी बेर्जे याने त्यांचे नमुने घडवले. सरड्याच्या पाठीवर हिरवा, पोटाकडे पिवळा, डोळ्याशी काळा असे रंग हवे तिथे ठेवता येतात, कारण रस वाहत नाही. हा सरडा पारदर्शक नसतो. साबणाच्या वडीसारखा धुकट असतो, कारण कणांमधली हवा पूर्ण निघत नाही. साचा बहुधा एकदाच वापरून फोडावा लागतो.

एक चौथा प्रकार इथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात एक मुलगा आहे. १८४६ च्या सुमारास बाकाराचे व्यवस्थापक तुसें यांच्या नात्यातला एमील ग्रिदेल हा लहान मुलगा कागदातून प्राणी कातरत बसला होता : कोंबडा, हत्ती, खार, बोकड. ते पाहून तुसें यांना वाटले, हे आपल्या पेपरवेटमध्ये घालावेत. जाड, बुटक्या काचेच्या दंडगोलात आरपार कोंबड्याची आकृती बसवायची, दंडगोल तापवून दोन्ही टोकांनी ओढायचा. दंडगोल बारीक होत जातो, पण आकृतीचे प्रमाण बिघडत नाही. मग काकडीसारख्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तोच कोंबडा. नववीला एक गणित घाला : १० सेंमी व्यासाचा आणि १० सेंमी लांबीचा दंडगोल ओढून त्याचा व्यास १ सेंमी केला, तर लांबी किती होईल? घनफळ तेच राहते, छेदाचे क्षेत्रफळ शंभरावा भाग होते, म्हणून लांबी शंभरपट, म्हणजे १० मीटर. ५ मिमी जाडीच्या चकत्या कापल्या तर दोन हजार कोंबडे. सगळे त्या मुलाच्या कातरीतले.

मोटारीवरचे प्राणी आणि आपले कंदील

मग लाखो रुपयांचे प्राणी कोणते? त्यांत लालिकने १९२५ ते १९३१ या काळात मोटारींच्या रेडिएटरच्या झाकणावर बसवण्यासाठी केलेले प्राणी फार वर आहेत. पहिले होते पाच घोडे, सित्रोएनच्या ‘पाच घोड्यांच्या’ मोटारीसाठी. मग बहिरी ससाणा, कोंबडा, बेडूक, मेंढा, रानडुक्कर, चतुर. स्त्री-आकृती धरून असे सुमारे तीस नमुने. काहींच्या खाली दिवा असे आणि तो मोटारीच्या डायनामोवर चालवत. गाडीचा वेग वाढला की प्राणी अधिक उजळे. रस्त्यावरचे दगड आणि रेडिएटरची उष्णता यांपुढे काच किती टिकणार? बरेच फुटले. जे उरले त्यांचे मोल आहे. त्यातही कोल्हा अतिशय दुर्मीळ.

हे वाचताना आमच्या मनात आपल्याकडची गोष्ट येत होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे मार्गदर्शक होते. कारखान्याइतकीच ती शाळाही होती. तिथे शिकलेली माणसे देशभर गेली. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, गावाला ओगलेवाडी नाव पडले, आणि पुढे तिथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला. तो कारखाना आज चालत नाही, पण जुन्या घरांच्या माळ्यावर तो कंदील अजून सापडतो.

लालिकच्या कारखान्यात रस, साचा, निववण्याची भट्टी यांचे जे शास्त्र होते, तेच इथेही होते. फरक मागणीचा. इथे काच लागत होती ती कंदिलाच्या चिमणीसाठी, बरणीसाठी, औषधाच्या बाटलीसाठी. कंदिलाची काच ही काही सोपी वस्तू नव्हे. आत ज्योत, बाहेर पावसाचा थेंब, आणि तरी तडकायचे नाही. त्यासाठी ती सर्वत्र सारख्या जाडीची आणि नीट निववलेली लागते. आमच्या मते कसबाच्या तराजूत ती ससाण्याहून हलकी ठरू नये. पण कंदिलाच्या काचा कोणी जपून ठेवल्या नाहीत. फुटली की दुसरी आणली.

युरोपीय काच प्रत्यक्ष पाहायची असेल, तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तिचे मोठे दालन आहे. अकोल्याहून हैदराबादला रेल्वे आहे. सहलीचा विचार करता येईल.

किती येतील?

राहिला वडिलांचा प्रश्न. आपण आतापर्यंत जे पाहिले, त्यावरून चिमणी कशी झाली हे सांगता येते. कधी झाली हे मात्र सांगता येत नाही, आणि संग्राहकांच्या बाजारात सगळे मोल ‘कधी’चे असते. लालिकच्या बाबतीत थोडी सोय आहे. १९४५ मध्ये रने लालिक वारला; त्याच्या हयातीतल्या वस्तूंवर नावाआधी ‘र’ चे रोमन आद्याक्षर असते, नंतरच्या वस्तूंवर नुसते ‘लालिक’. मुलगा मार्क याने पुढे भारी शिशाचे क्रिस्टल वापरायला सुरुवात केली, म्हणजे घनतेचा काटाही इथे साक्ष देतो. अर्थात अक्षर मागाहून कोरता येते, आणि तसे कोरणारे आहेत.

साबिनोचे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याचा कारखाना थांबला. १९६० च्या दशकात छोट्या प्राण्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले, आणि १९७८ मध्ये हा व्यवसाय एका अमेरिकन मालकाकडे गेला. साचे मात्र जुनेच चालू राहिले. तोच साचा, तशीच काच, तेच नाव. आजोबांनी मुंबई सोडली १९७२ मध्ये, तेव्हा चिमणी त्याआधीची हे नक्की. पण ती १९३५ ची की १९७० ची, हे तिच्या अंगावरून ठरत नाही. शिवाय अशा अंगठ्याएवढ्या चिमण्या पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ शिल्लक आहेत. परदेशी लिलावांच्या याद्या इंटरनेटवर आम्ही दोन संध्याकाळी पाहिल्या. किंमत हजारांत होती. लाखांत नव्हे.

वडिलांना आम्ही तसे सांगितले. सांगताना बरे वाटले नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हंजे खोटी नाही ना?” खोटी नाही, आम्ही म्हणालो. अगदी खरी आहे, फक्त दुर्मीळ नाही. प्रवेशाच्या फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचे ठरले आणि तो आम्ही त्याच संध्याकाळी शाळेच्या संगणकावर भरला.

चिमणी त्यांनी विकली नाही. नेण्याआधी मुलाने तिला एकदा पाटीवर ठेवले, शेजारी खोक्यातला दगड ठेवला, आणि विचारले, “सर, गोट्याचे पोट बी पांढरं अन् कड पातळ. मंग तो बी हळूहळू थंडा झाला असन का?” त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, गारगोटी रसातून थिजलेली नसते, पाण्यातून थराथराने साचलेली असते. पण मग जाड भाग जास्त निळा का दिसतो? पुढच्या तासाला त्या वर्गाने दुधाच्या दोन बाटल्या घेतल्या, एक रुंद आणि एक अरुंद, दोन्हींत तेच दूधपाणी, आणि कामाला सुरुवात केली.